क्रामेच्या कोठडीतील सिनेटर

24 फेब्रुवारी 2017 रोजी सकाळी फिलिपिन्सच्या सिनेटर लैला डी लिमा यांना अटक झाली. आदल्या दिवशी वॉरंट निघाले होते आणि ती रात्र त्यांनी सिनेटच्याच इमारतीत काढली होती. जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी 1 कोटी 40 लाखांहून अधिक मतदारांनी त्यांना निवडून दिले होते. त्या जामिनावर सुटल्या तो दिवस 13 नोव्हेंबर 2023. मधली सहा वर्षे आणि साडेआठ महिने त्या कच्च्या कैदी होत्या. त्यांच्यावरील तीन खटल्यांपैकी एकाही खटल्यात गुन्हा सिद्ध झाला नाही.

या प्रकरणाची मुळे दावाओ शहरात आहेत. निवडणूक कायद्यातील वकील म्हणून नाव कमावलेल्या डी लिमा 2008मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. दावाओत किरकोळ गुन्हेगार आणि रस्त्यावरची मुले यांना टिपून मारणारी एक टोळी असल्याची तक्रार होती. ‘दावाओ डेथ स्क्वाड’ या नावाने ती ओळखली जाई. 2009मध्ये आयोगाने तिची चौकशी सुरू केली आणि शहराचे महापौर रॉड्रिगो दुतेर्ते यांना जाहीर सुनावणीत बोलावले. दुतेर्ते यांना हे विसरता आले नाही. पुढे 2010 ते 2015 डी लिमा देशाच्या न्यायमंत्री होत्या. 30 जून 2016 रोजी त्यांची सिनेटची मुदत सुरू झाली आणि त्याच दिवशी दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले.

अमली पदार्थांविरुद्धचे ‘युद्ध’ लगेच पुकारले गेले. रोज रात्री वस्त्यांमधून प्रेते सापडू लागली. पोलिसी कारवाईत मारल्या गेलेल्यांचा सरकारी आकडाच पुढे सहा हजारांवर गेला; मानवाधिकार संघटनांचे अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत. सिनेटच्या न्याय व मानवाधिकार समितीच्या अध्यक्ष या नात्याने डी लिमा यांनी ऑगस्टमध्ये या हत्यांची चौकशी आरंभली. 15 सप्टेंबरला दावाओच्या त्या टोळीत आपण मारेकरी होतो असे सांगणारा एक साक्षीदार समितीपुढे उभा राहिला आणि त्याने थेट दुतेर्ते यांचे नाव घेतले. चारच दिवसांनी सिनेटने बहुमताने डी लिमा यांना अध्यक्षपदावरून दूर केले.

त्याच सुमारास प्रतिनिधिगृहात उलट दिशेची सुनावणी सुरू झाली. न्यू बिलिबिड या देशातील सर्वांत मोठ्या तुरुंगातून शिक्षा भोगणारे कैदी आणले गेले. न्यायमंत्री असताना डी लिमा यांनी तुरुंगातल्या अमली पदार्थांच्या धंद्यातून निवडणुकीसाठी पैसे घेतले, असे या कैद्यांनी सांगितले. एका स्त्रीचे खासगी आयुष्य याच काळात चव्हाट्यावर आणले गेले. राष्ट्राध्यक्षांनी भाषणांतून तिच्या संबंधांची चर्चा केली. कथित चित्रफीत सभागृहात दाखवण्याची भाषाही झाली. या भाषेला देशभरातील स्त्रियांनी कडाडून विरोध केला. खटला उभा राहण्याआधीच आरोपीची अशी बदनामी होणे हा निर्दोषत्वाच्या गृहीतकावरचा घाला असतो, आणि तो घालणारे देशाचे सर्वोच्च पदाधिकारी होते.

फेब्रुवारी 2017मध्ये मुंटिनलुपा येथील न्यायालयात तीन खटले दाखल झाले. आरोप अमली पदार्थांच्या व्यापाराचा, म्हणजे जन्मठेपेच्या शिक्षेचा होता. फिलिपिन्सच्या राज्यघटनेनुसार अशा गुन्ह्यात पुरावा सबळ असेल तर जामिनाचा हक्क राहत नाही. पुरावा सबळ आहे की नाही हे ठरवण्यासाठीच सुनावणी घ्यावी लागते आणि ती वर्षानुवर्षे चालू शकते. सारी मेख इथे आहे. आरोपाचे कलम कोणते लावायचे हे सरकारी वकील ठरवतो. एकदा ते बिनजामिनी ठरले की निकालाआधीच शिक्षा सुरू होते. या खटल्यांत अमली पदार्थ असा एक ग्रॅमही न्यायालयापुढे आला नाही. पुढे आरोप बदलून व्यापाराऐवजी व्यापाराचा ‘कट’ असा केला गेला. असे प्रकरण या न्यायालयाच्या अखत्यारीत येतच नाही, ते भ्रष्टाचारविषयक विशेष न्यायालयाकडे जायला हवे, हा डी लिमा यांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2017मध्ये नऊ विरुद्ध सहा मतांनी फेटाळला. खालच्या न्यायालयात एकामागून एक न्यायाधीश बदलत गेले, काही जण स्वतःहून बाजूला झाले, आणि दर बदलाबरोबर तारखा पुढे सरकल्या.

लोकप्रतिनिधीला अटकेपासून संरक्षण असावे की नाही, हा प्रश्न येथे नेहमी चुकीच्या टोकाने धरला जातो. कायदा आमदार-खासदारालाही लागू आहेच. फिलिपिन्सच्या घटनेने अधिवेशन चालू असताना सदस्याला अटकेपासून मोकळीक दिली आहे, पण ती सहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती. निवडून आलो म्हणून कोठडीतून सोडा, ही मागणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्वी अमान्य केली आहे आणि ते समजण्यासारखे आहे. चिंता वेगळ्याच ठिकाणी आहे. अटक सदस्याच्या गुन्ह्यामुळे झाली की त्याच्या कामामुळे? सुनावणी वाजवी वेळेत झाली का? आणि मधल्या काळात त्याच्या मतदारांचे काय?

फिलिपिन्समध्ये हा तिसरा प्रश्न फार मोठा ठरतो. तिथे सिनेटर अवघे 24 असतात आणि प्रत्येक जण साऱ्या देशातून निवडून येतो. एक जागा रिकामी राहणे म्हणजे सभागृहाचा चोविसावा हिस्सा मुका होणे. डी लिमा यांना पोलीस मुख्यालयाच्या आवारातील, कॅम्प क्रामेच्या कोठडीत ठेवले होते. त्यांना मोबाइल, संगणक, इंटरनेट काही मिळत नसे. त्या कागदावर हाताने निवेदने लिहीत. कर्मचारी ती बाहेर नेऊन टंकलिखित करीत आणि प्रसिद्ध करीत. विधेयकांचे मसुदेही याच वाटेने सिनेटमध्ये पोहोचत. गरिबांच्या हक्कांसंबंधी 2019मध्ये झालेल्या कायद्यामागे त्यांचे काम होते. मात्र भाषण करता येत नव्हते आणि मतदान तर नाहीच. 2020च्या साथीत इतर सिनेटर घरबसल्या दूरदृश्य पद्धतीने कामकाजात भाग घेऊ लागले, तरी त्यांची जागा रिकामीच राहिली. आवारातील भटक्या मांजरींना त्या खाऊ घालत, हे तिथे भेटायला जाणाऱ्या अनेकांनी नोंदवले आहे. आजारी आईला पाहण्यासाठी 2019मध्ये बंदोबस्तात काही काळ बाहेर जाण्याची परवानगी मिळाली.

परदेशातून दबाव आला, पण सरकार हलले नाही. युरोपीय संसदेने अटकेनंतर महिनाभरातच सुटकेची मागणी केली. जगभरच्या संसदांची संघटना असलेल्या आंतरसंसदीय संघाने शिष्टमंडळ पाठवले आणि खटल्यावर निरीक्षक नेमला. सर्वांत स्पष्ट मत संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी स्थानबद्धताविषयक कार्यगटाचे होते. 2018मध्ये या गटाने ही कैद मनमानी ठरवली, तात्काळ सुटका आणि भरपाईची शिफारस केली, आणि डी लिमा यांना त्यांच्या राजकीय मतांमुळे व मानवाधिकारांच्या कामामुळे लक्ष्य केले गेले असा निष्कर्ष काढला. मनिलाने हा देशाच्या न्यायालयांत हस्तक्षेप असल्याचे म्हटले. अमेरिकी काँग्रेसमध्ये आवाज उठला, तेव्हा तो उठवणाऱ्या सिनेटरांनाच फिलिपिन्सने प्रवेशबंदी केली.

याआधी 1972मध्ये फर्डिनंड मार्कोस यांनी लष्करी कायदा लादला, तेव्हा सिनेटर बेनिग्नो अक्विनो साडेसात वर्षे तुरुंगात होते. ती उघड हुकूमशाही होती. संसदच बंद केली होती. डी लिमा यांच्या वेळी संसद चालू होती, न्यायालये चालू होती, वर्तमानपत्रे निघत होती. घटनेला हात न लावता निवडून आलेल्या व्यक्तीला एवढी वर्षे आत ठेवता आले, ही या प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे.

फेब्रुवारी 2021मध्ये पहिल्या खटल्यातून त्या सुटल्या. 2022च्या एप्रिल-मेमध्ये महत्त्वाचे साक्षीदार उलटले. तुरुंग खात्याच्या एका माजी प्रमुखाने शपथेवर सांगितले की पैसे पोहोचवल्याची आपली साक्ष खोटी होती आणि ती दबावाखाली दिली होती. तरीही सुटका झाली नाही. मे महिन्याच्या निवडणुकीत कोठडीतूनच लढून त्या हरल्या आणि 30 जूनला मुदत संपली. सहा वर्षांच्या मुदतीतील पाच वर्षांहून अधिक काळ गजाआड गेला होता. 9 ऑक्टोबर 2022 रोजी त्याच कोठडीतील तीन कैद्यांनी पळण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी एकाने डी लिमा यांना बांधून, डोळ्यांवर पट्टी घालून ओलीस धरले. पोलिसांनी त्याला गोळी घातली तेव्हा त्या वाचल्या. राज्याने कोंडून ठेवलेल्या व्यक्तीच्या जिवाची जबाबदारी राज्याचीच असते, याची याहून ढळढळीत आठवण दुसरी नसेल.

मे 2023मध्ये दुसऱ्या खटल्यात निर्दोष मुक्तता झाली, नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यात जामीन मिळाला आणि 24 जून 2024 रोजी तोही खटला निकालात निघाला; बचाव पक्षाला पुरावा मांडण्याची गरजही पडली नाही. 2025मध्ये अपील न्यायालयाने दुसऱ्या खटल्याचा निकाल पुरेशी कारणे दिली नाहीत म्हणून परत पाठवला. खालच्या न्यायालयाने त्याच वर्षी पुन्हा निर्दोष ठरवले. मार्च 2025मध्ये दुतेर्ते यांना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटवरून अटक करून हेगला नेण्यात आले. आरोप मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा, त्याच हत्यांबद्दलचा. मे महिन्यात डी लिमा पक्ष-यादीतून निवडून आल्या आणि प्रतिनिधिगृहाच्या सदस्य झाल्या.