धोरण शिकावे ते एकविशीच्या आत

73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहण्याचे वय 21 ठरवले. त्या वयाची तरुणी सरपंच होऊन गावच्या अर्थसंकल्पावर सही करू शकते. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी घेणाराही साधारण याच वयात बाहेर पडतो. तरीही सार्वजनिक धोरण हा विषय आपल्याकडे आजवर मुख्यतः पदव्युत्तर वर्गांपुरता राहिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मुळे पदवीची चौकट सैल होते आहे. मुख्य विषयाला गौण विषयाची, प्रत्यक्ष क्षेत्रकार्याची जोड देता येते. अशा वेळी ‘सार्वजनिक धोरण आणि नेतृत्व’ हा पदवीचाच मुख्य विषय का असू नये? माझ्या मते तो असायलाच हवा, मात्र धोरण आणि नेतृत्व यांची फारकत न करता.

या विषयात नेमके काय शिकायचे, हे समजण्यासाठी महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पुरेशी आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात साठच्या दशकात प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळाने त्याला राज्यव्यापी रूप दिले, 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. ‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांमागची रचना पाहण्यासारखी आहे. गरीब कोण, हे ठरवायला दाखला लागत नाही. उन्हात खडी फोडायची तयारी हीच पात्रता. मजुरी हजेरीवर नव्हे, कामाच्या मोजमापावर. पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून, आणि तेवढीच भर सरकारची. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातला नालाबांध उभा राहिला. यात अर्थशास्त्र आहे, कायदा आहे, कनिष्ठ अभियंत्याची मोजमाप पुस्तिका आहे, आणि लहान मूल घेऊन कामावर येणारी बाईही आहे. कोणत्याही एका विषयाच्या वर्गात ही योजना पूर्ण मावत नाही.

आणि तिचा सर्वांत बोलका धडा 1988 चा. त्या वर्षी किमान वेतनाबरोबर योजनेतली मजुरी जवळपास दुप्पट झाली. निर्णय न्याय्य होता, मजुराच्या बाजूचा होता. पण पुढच्या काळात कामावरची उपस्थिती घसरली. अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तेव्हा असे दिसले की वाढीव दराने सगळ्यांना काम देणे यंत्रणेला पेलले नाही आणि मागणारे लोक कामाविना राहू लागले. हमी कागदावर तीच राहिली, व्यवहारात आक्रसली. म्हणून मजुरी वाढवायला नको होती, असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते. तिच्याबरोबर निधी आणि कामांची तयारी वाढायला हवी होती. चांगला हेतू आणि चांगला परिणाम यांच्यामधले हे अंतर मोजायला शिकणे, हाच या पदवीचा गाभा. त्यासाठी संख्याशास्त्र पक्के हवे. तिथे सवलत दिली तर पदवी पोकळ होईल.

अठरा वर्षांच्या मुलाला अनुभव नसतो, धोरण त्याच्या आवाक्यातले नाही, असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. पण अनुभवाची उणीव उशिरा शिकवून भरत नाही, क्षेत्रकार्याने भरते. शिवाय बहुसंख्य विद्यार्थी पदवीनंतर शिक्षण थांबवतात. त्यांच्यातूनच पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, पत्रकार, संस्थांचे कार्यकर्ते होतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: नेतृत्व शिकवता येते का? भाषणकला आणि व्यक्तिमत्त्व विकास यांना नेतृत्व म्हटले तर ते शिकवूच नये. पण आपल्याकडे याहून जुना आणि भक्कम धागा आहे. 1870 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेत न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली गोपाळ कृष्ण गोखले सरकारी अहवाल वाचायला, आकडे पडताळायला आणि त्यावर निवेदन लिहायला शिकले. 1897 मध्ये भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना त्यांचे वय जेमतेम तिशी ओलांडलेले होते. पुढे 1905 मध्ये भारत सेवक समाज काढताना त्यांनी नव्या सदस्यांसाठी पाच वर्षांचे प्रशिक्षण ठेवले. अभ्यासातून आलेला अधिकार, हे त्यांच्या नेतृत्वाचे खरे बळ होते.

राहिला नोकरीचा प्रश्न. पालकांना तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. ही पदवी स्पर्धा परीक्षेची शिडी म्हणून विकली तर मुलांची फसवणूक होईल. नगरपालिका, संशोधन संस्था, सामाजिक संस्था, कंपन्यांचे सामाजिक दायित्व विभाग इथे अशा कौशल्याला काम आहे, पण जागा मोजक्या आहेत, हे प्रवेशाच्या वेळीच सांगावे. भीती आणखी एका गोष्टीची वाटते. हा विषय महागड्या विद्यापीठांतच राहिला, तर गावाबद्दल निर्णय घेणारे शिकलेले असतील आणि गावातले मात्र त्यांच्या योजनांचे नुसते लाभार्थी. म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयांना एक विनंती: मोठ्या इमारतीची, परदेशी अभ्यासक्रमाची वाट पाहू नका. पहिल्या सत्रात शेजारच्या ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प आणि रोजगार हमीचा एक हजेरीपट मुलांसमोर ठेवा, आणि ग्रामसभेच्या दिवशी वर्ग तिथेच भरवा.