रंग उडालेल्या मस्टँगची गोष्ट

मंडळी, आपण डेट्रॉइटकर. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, ती 'ड्रीम क्रूझ' आपल्या ओळखीची. १९९५ साली फर्नडेलमधल्या मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी निधी जमवायला ती सुरू झाली, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

आमच्या शेजारच्या आजोबांना तिथे आपली १९६५ सालची लाल फोर्ड मस्टँग न्यायची होती. गाडी त्यांच्या दिवंगत पत्नीची. दारावर मुलाच्या सायकलचा ओरखडा अजून आहे. पण बॉनेटचा लाल रंग पार गुलाबी, खडूसारखा झालेला. "नवा रंग मारून टाकतो," म्हणाले. म्हणजे तो ओरखडाही गेला! म्हटलं, थांबा, आधी बघू या.

रंग उडतो म्हणजे नेमकं काय होतं? रंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात: रंगाची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारं रेझिन. ऊन आणि हवा वरच्या थरातलं रेझिन खातात आणि नुसती पूड उरते. खालचा रंग बहुतेक वेळा शाबूत असतो. आजच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक क्लिअरकोट असतो. तो १९८०च्या दशकात रुळला. त्याआधीच्या गाड्यांना बहुधा रंग हाच शेवटचा थर, म्हणजे 'सिंगल स्टेज'. ओळखायचं कसं? कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने थोडं पॉलिश घासा. फडकं गाडीच्या रंगाचं झालं तर सिंगल स्टेज. क्लिअरकोटचे पापुद्रे निघत असतील तर मात्र पॉलिशने काही होत नाही.

इथे मी इंजिनियरची घाई केली. मशीन आणि जाडंभरडं कंपाऊंड घेऊन डिकीच्या कडेवर फिरवलं आणि खालचा प्रायमर डोकावला! कडांवर रंग पातळ असतो. सॉफ्टवेअर बिघडलं तर जुनी कॉपी परत आणता येते, इथे 'अनडू' नाही.

मग शहाण्यासारखं केलं. गाडी धुतली, क्ले बारने चिकटलेली घाण काढली. मग घासणारी पूड नसलेलं, तेलकट ग्लेझ (मेग्वायर्सचं नंबर ७) टर्किश टॉवेलने सढळ हाताने चोळलं आणि रात्रभर ठेवून दिलं. कणीक भिजवून ठेवतो ना, तसंच. कोरडा रंग तेल पितो, मऊ होतो आणि मग घासताना कमी झिजतो. दुसऱ्या दिवशी पुसून, बारीक पॉलिश हलक्या हाताने, आणि शेवटी वॅक्स. तेलाने गेलेलं रेझिन परत येत नाही, म्हणून वॅक्स अधूनमधून लावत राहायचं आणि गाडी सावलीत ठेवायची. एक सावधगिरी: जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा सँडपेपर मारू नका, हातमोजे घाला आणि फडकी मुलांपासून लांब ठेवा.

दोन शनिवार-रविवार गेले. बॉनेट पुन्हा लाल झालं. डिकीच्या कडेवरचा माझा डाग मात्र तसाच आहे. मी माफी मागितली, तर आजोबा दारावरच्या ओरखड्यावर बोट ठेवून म्हणाले, "राहू दे, त्याला सोबत झाली."

तुमच्या गॅरेजमध्ये अशी एखादी म्हातारी गाडी असेल, तर रंगाऱ्याला फोन करण्याआधी मला हाक मारा. मशीन घरीच ठेवून येईन!