अर्जातला निबंध : हाच विषय का, हेच कॉलेज का?

बारावीनंतर परदेशातील आणि आपल्याकडील काही विद्यापीठे प्रवेशअर्जासोबत छोटा निबंध मागतात. प्रश्न दोनच : हाच विषय का, आणि आमच्याच संस्थेत का? आमच्याकडे तपासायला येणारे बहुतेक निबंध मात्र एकाच साच्यातले. 'लहानपणापासून संगणकाची आवड', 'आपली नामांकित संस्था'! कॉलेजचे नाव खोडून दुसरे घातले तरी काही बिघडत नाही.

आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अर्जाचे पत्र लिहिले. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही, हे त्यांनी सरळ कबूल केले. मग कारण सांगितले : आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी शिकायचे आहे. भारतात राहून का नाही, हे त्यांनी निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत सांगितले होते. प्रवेश मिळाला, १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

आपल्या लिंबायतच्या मुलाला टेक्स्टाइल शिकायचे असेल, तर वडिलांच्या खात्यातला लूम कशाने अडतो, तिथून त्याने सुरुवात करावी. नंतर कॉलेजचा अभ्यासक्रम नीट वाचून त्यातला कोणता विषय, कोणती प्रयोगशाळा त्या अडचणीला उपयोगी, ते नावानिशी लिहावे. पालकांनी शुद्धलेखन जरूर पाहावे, निबंध लिहून देऊ नये. पहिला खर्डा मराठीतच करावा. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली. इंग्रजीतच सुरुवात केली की मुद्दा हातचा निसटायचा. खर्डा शाळेत आणून दाखवा, आम्ही वाचू.