पाळीव सापाची कात

बृहदारण्यकांत मुक्त पुरुषानें टाकलेल्या देहास वारुळावर पडलेल्या सापाच्या कातीची उपमा दिली आहे. ती कात सुखरूप कशी उतरते याची चिंता मात्र उपनिषत्काराला करावी लागली नाहीं. अमेरिकेंत व इंग्लंडांत हौसेनें साप पाळणाऱ्यांस ती करावी लागते. (आपल्याकडे नाग, धामण, अजगर घरीं पाळणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें निषिद्ध आहे, हें आधींच सांगितलेलें बरें.) तिकडे पुष्कळांच्या घरीं असणारा बॉल पायथन हा मूळचा आफ्रिकेंतील लहानसा, बिनविषारी अजगर, पुढील मजकूर त्याच्याविषयीं आहे.

जुन्या व नव्या त्वचेमध्यें द्रव साठूं लागला म्हणजे सापाचें अंग निस्तेज होतें व डोळे दुधाळ निळसर दिसतात. सापास पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही उतरतो. या दिवसांत त्यास नीट दिसत नाहीं, म्हणून तो चिडका होतो. त्यास हाताळूं नये, भक्ष्यही देऊं नये. पुढें डोळे स्वच्छ झाले कीं नवख्या पालकास वाटतें, झालें काम! वस्तुतः कात त्यानंतर चार-पांच दिवसांनीं उतरते. नाकाचा शेंडा दगडावर घासून साप ती ओठांपाशीं सोडवितो आणि उलट्या केलेल्या मोज्याप्रमाणें अखंड मागें टाकतो.

तुकडे तुकडे निघाले तर दोष बहुधा कोरड्या हवेचा. हिवाळ्यांत तिकडील घरें यंत्रानें तापवितात, त्यामुळें पेटींतील ओलावा जातो. एरव्हीं शेंकडा ६० आर्द्रता पुरते. या दिवसांत ती ७० पर्यंत न्यावी व लपण्यास ओलें शेवाळ घातलेला डबा द्यावा. तरीही कात चिकटली तर सापास उथळ, कोमट पाण्यांत, जवळ बसून, अर्धा तास ठेवावें. मग ओल्या टॉवेलांतून त्याचें त्यालाच सरकूं द्यावें. ओढूं नये, खालची कोंवळी त्वचा फाटते. शेपटीच्या टोकास राहिलेलें वलय आवळलें तर रक्त थांबून टोक वाळतें व गळतें. डोळ्यावरच्या खवल्यास चिमटा लावणें तर शुद्ध अविचार होय. त्यानें डोळाच जायचा. ओलावा वाढवून पुढच्या कातीची वाट पाहावी, तेव्हांही न निघाल्यास पशुवैद्य गांठावा.

उतरलेली कात ओली असतांनाच पसरून दोन्ही डोळ्यांचे खवले आले कीं नाहीं तें तपासावें. ती ताणली जाऊन सापाहून लांब भरते. परदेशीं असलेल्या नातवानें तिचें माप कळविल्यास आजीनें घाबरूं नये.