जुन्या पाट्यांचं लास वेगास

लास वेगासला आलेला माणूस दुपारपर्यंत झोपतो आणि दिवे लागले की बाहेर पडतो. मी मात्र ऊन चढायच्या आत डाउनटाउनच्या उत्तरेचं निऑन म्युझियम गाठलं. 1905 साली रेल्वेने जमिनीचा लिलाव केला आणि गाव वसलं. 1931 मध्ये नेवाडाने जुगाराला परवानगी दिली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

या शहराला जुनं जपायची सवय नाही. हॉटेल थकलं की स्फोटकं लावून पाडतात आणि त्याच जागी आणखी मोठं बांधतात. 1958 चं स्टारडस्ट 2007 मध्ये गेलं, 1957 चं ट्रॉपिकाना 2024 मध्ये. उरल्या त्या पाट्या, आणि त्यातल्या कित्येक इथे उघड्या आवारात उभ्या आहेत. आवाराचं नाव बोनयार्ड, म्हणजे हाडांचं अंगण. स्टारडस्टची टोकदार अक्षरं माझ्याहून कितीतरी उंच. जवळ गेल्यावर दिसतं, रंगाचे पापुद्रे सुटलेत आणि बल्बची बरीचशी घरं रिकामी आहेत.

निऑनच्या पाटीत यंत्रापेक्षा हाताचं काम जास्त. सरळ काचनळी ज्योतीवर मऊ करायची, टोकाला लावलेल्या रबरी नळीतून तोंडाने हलकी फुंक देत ती वळवायची. फुंक कमी पडली तर वळणावर काच चपटी होते. मग आतली हवा काढून वायू भरायचा. निऑनचा उजेड तांबडा-नारिंगी. निळा हवा असेल तर आर्गॉन आणि थेंबभर पारा. एलईडीच्या पडद्यांनी हे काम जवळपास संपवलं. फ्लेक्स आले तेव्हा आपल्या गावांतले पाट्या रंगवणारे पेंटर असेच दिसेनासे झाले, आणि त्याची हळहळ मला अजून आहे.

इथे मन अडकलं ते मूलां रूजच्या अक्षरांपाशी. गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र बसू शकतील असा हा शहरातला पहिला मोठा कॅसिनो, 1955 चा; सहा महिन्यांत बंद पडला. त्याची लपेटदार अक्षरं बेटी विलिस या बाईंनी काढली. पाट्यांच्या त्या पुरुषी धंद्यात त्यांनी उभी हयात काढली. जगभर ओळखली जाणारी लास वेगासची स्वागताची पाटीही त्यांचीच, 1959 ची. 'वेलकम'चं एकेक अक्षर चांदीच्या डॉलरसारख्या गोलात बसवलंय, कारण नेवाडा चांदीच्या खाणींचं राज्य. या पाटीचे हक्क त्यांनी कधी घेतले नाहीत, शहराला ती भेट दिली. आज प्रत्येक दुकानात कपावर, चुंबकावर तीच पाटी आहे, पण बाईंचं नाव मला एकाही वस्तूवर दिसलं नाही. हे मला फार लागलं.

संध्याकाळी त्या पाटीपाशी गेले. फोटोसाठी लांब रांग होती. मी वळसा घालून मागे गेले. तिथे कोणीच नव्हतं. मागच्या बाजूला, गाव सोडून निघालेल्यांसाठी, बाईंनी लिहून ठेवलंय: गाडी जपून चालवा, लवकर परत या.