भित्तिकागद

भित्तिकागद किंवा वॉलपेपर हा घराच्या आतील भिंतींवर सजावटीसाठी चिकटवला जाणारा कागद होय. तो गुंडाळ्यांच्या स्वरूपात विकला जातो. प्रचलित गुंडाळी ०.५३ मीटर रुंद व सुमारे १० मीटर लांब असते. तिचे क्षेत्रफळ ५.३ चौरस मीटर, म्हणजेच सुमारे ५७ चौरस फूट भरते. रंगाप्रमाणे तो भिंतीत मुरत नाही, तर तिच्यावर स्वतंत्र थर म्हणून राहतो. त्यामुळे तो किती टिकेल हे कागदाच्या दर्जापेक्षा मागील भिंतीच्या स्थितीवर अधिक अवलंबून असते.

इतिहास

युरोपमध्ये भित्तिकागदाचा वापर सोळाव्या शतकापासून आढळतो. आरंभी तो लाकडी ठशांनी छापला जाई; एकोणिसाव्या शतकात यंत्रछपाई सुरू झाल्यावर तो मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तयार केलेला आर्सेनिकयुक्त हिरवा रंग या कागदांवर सर्रास वापरला जाई. ओलसर खोल्यांत अशा कागदावर वाढणारी बुरशी विषारी वायू निर्माण करते, हे १८९० च्या दशकात इटलीतील बार्तोलोमेओ गोसियो यांनी दाखवून दिले. आजच्या कागदांत हे रंग नसतात; मात्र ओल आणि बुरशी हेच भित्तिकागदाचे मुख्य शत्रू राहिले आहेत.

प्रकार

साधा कागद स्वस्त असतो, पण पुसता येत नाही. व्हाइनिलचा लेप असलेला कागद ओल्या फडक्याने पुसता येतो. मात्र त्यातून बाष्प सहज बाहेर पडत नसल्याने ओलसर भिंतीवर तो लवकर फुगतो. न विणलेल्या तंतूंचा कागद भिजल्यावर फारसा ताणला जात नाही, म्हणून खळ थेट भिंतीला लावून तो बसवता येतो. मागे गोंद असलेला स्वयंचिकट कागद लावण्यास सोपा असला, तरी चुन्याच्या किंवा धुळकट पृष्ठभागावर टिकत नाही.

मराठवाड्यातील भिंती

सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या मार्गावरील तामलवाडी व धाराशिव जिल्ह्याच्या इतर भागांत दोन प्रकारच्या भिंती आढळतात. जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन ते तीन फूट जाड असतात. त्या जमिनीतील ओल शोषतात व पृष्ठभागावरून सोडतात. पांढऱ्या मातीने पोतारलेल्या किंवा चुना दिलेल्या अशा भिंतींवर कागद धरत नाही, कारण तो मूळ भिंतीला न चिकटता सुट्या थराला चिकटतो व त्याच्यासह गळून पडतो. नव्या घरांच्या विटांच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा असतो. तेथे अडचण काळ्या जमिनीची असते. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतींना तडे जातात.

नवरात्रापूर्वी घर झाडून, धुऊन, भिंती पोतारण्याची म्हणजेच ‘दसरा काढण्याची’ या भागातील रीत भिंतींच्या पाहणीचेही काम करते. दरवर्षी हात फिरल्याने नवी भेग, फुगवटा किंवा लोणा नजरेस पडतो. भित्तिकागद अनेक वर्षे तसाच राहत असल्याने ही पाहणी थांबते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून. या भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांपासून सुटले होते. अशा सुटण्याची पूर्वखूण म्हणजे भिंतीचा फुगवटा. म्हणून फुगलेली किंवा आरपार तडा गेलेली भिंत कागदाने झाकणे धोक्याचे ठरते.

पूर्वतपासणी

भिंतीतील ओल ओळखण्यासाठी सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवतात. त्याच्या मागील बाजूस पाण्याचे थेंब दिसल्यास भिंत कागदायोग्य नसते. ही चाचणी पावसाळा संपताना करणे उपयुक्त ठरते. उन्हाळ्यात ओलसर भिंतही कोरडी भासते. नव्या गिलाव्यावर पाणी मारणे थांबल्यानंतर किमान महिनाभर तो वाळू देतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून तारीख लिहितात व त्यांतील अंतर मोजून ठेवतात. एक पावसाळा व एक उन्हाळा उलटूनही अंतर तेवढेच राहिले, तर भेग स्थिर मानून ती बुजवता येते. रुंदावत जाणारी भेग अभियंत्याला दाखवणे आवश्यक असते.

चिकटवण्याची पद्धत

सुटे पोपडे खरवडून पुट्टी लावतात, घासकागदाने भिंत सपाट करतात आणि प्रायमरचा हात देतात. ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच भिंतीला ८ पट्ट्या लागतात. एका गुंडाळीतून तीन पट्ट्या निघत असल्याने तीन गुंडाळ्या पुरतात. मोठ्या नक्षीसाठी जास्त कागद धरावा लागतो. प्रत्येक पट्टी उंचीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर लांब कापतात.

पहिली पट्टी कोपऱ्याला समांतर न लावता ओळंब्याने आखलेल्या उभ्या रेषेवर लावतात, कारण घराचे कोपरे क्वचितच सरळ असतात. साध्या कागदाला मागून खळ लावून पाच-दहा मिनिटे मुरू देतात, म्हणजे तो भिंतीवर गेल्यावर ताणला जात नाही. खळ मिथाइल सेल्युलोजची किंवा मैद्याची असते. मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची पद्धत आहे, परंतु ते विषारी असल्याने मुलांपासून दूर ठेवावे लागते. पट्टी मधून कडांकडे दाबत हवा काढतात. सांधे एकमेकांवर न चढवता कडेला कड भिडवतात. विजेच्या बटणांजवळ काम करताना मुख्य पुरवठा बंद ठेवतात. कोरड्या उन्हाळ्यात पंखे लावून ठेवल्यास कागद झपाट्याने आक्रसतो व सांधे उघडतात; म्हणून पंखे बंद ठेवून तो सावकाश वाळू देतात.

निगा

कागदावर पिवळसर डाग, कुबट वास किंवा कडांना मातीच्या बारीक रेषा दिसल्यास ती अनुक्रमे ओल, बुरशी व वाळवीची लक्षणे असतात. अशा वेळी वरून नवा कागद न चिकटवता जुना सोलून मूळ भिंत तपासतात. पलंगामागे व कपाटामागे हवा खेळत नसल्याने तेथील कागद वर्षातून एकदा पाहणे इष्ट असते.