‘ॲनिमल फार्म’ : रूपककथेतील पात्रे आणि भाषेची सत्ता

जॉर्ज ऑरवेल (१९०३–१९५०) याची ‘ॲनिमल फार्म’ ही लघुकादंबरी ऑगस्ट १९४५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. तिचे लेखन फेब्रुवारी १९४४ मध्येच पूर्ण झाले होते. परंतु सोव्हिएत रशिया हा त्या वेळी ब्रिटनचा मित्र असल्यामुळे एकाहून अधिक प्रकाशकांनी ती नाकारली. कथानक वरवर सरळ आहे. एका इंग्रजी शेतावरील जनावरे जोन्स या धन्याला हाकलून लावतात, समतेचे राज्य स्थापितात आणि अखेरीस डुकरांच्या दास्यात येऊन पडतात.

रूपककथेत वाच्यार्थ व सूचितार्थ समांतर चालतात. येथील सूचितार्थ रशियन राज्यक्रांतीचा आहे. वृद्ध मेजरच्या उपदेशात मार्क्स व लेनिन यांची छाया दिसते. नेपोलियन हा स्टालिनचा, तर स्नोबॉल ट्रॉट्स्कीचा प्रतिनिधी होय. नेपोलियनने गुप्तपणे वाढविलेले कुत्रे म्हणजे गुप्त पोलीस. पवनचक्कीत पंचवार्षिक योजनांचे, तर फ्रेडरिकशी झालेल्या लाकडाच्या सौद्यात १९३९ च्या जर्मन-सोव्हिएत कराराचे प्रतिबिंब आहे. अखेरच्या मेजवानीमागे १९४३ ची तेहरान परिषद असल्याचे ऑरवेलने युक्रेनी आवृत्तीच्या प्रस्तावनेत (१९४७) स्वतःच सूचित केले आहे. पंचतंत्रातही प्राणी राजनीती बोलतात. परंतु तेथे ती राजपुत्रांना शिकवावयाची आहे. येथे कथा शासितांच्या बाजूने सांगितली आहे, हा भेद मूलभूत होय.

मात्र पात्रांच्या जोड्या जुळविल्या म्हणजे रूपक उलगडले असे नव्हे. सत्ता नेमकी कोणत्या साधनाने पालटते, हा खरा प्रश्न आहे. कुत्र्यांचे भय हे त्याचे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर भाषेत सापडते. क्रांतीनंतर कोठाराच्या भिंतीवर सात नियम रंगविले जातात. पुढे डुकरे पलंगावर निजू लागतात, तेव्हा त्या नियमात चादरीची अट आढळते. मद्याच्या नियमात प्रमाणाची आणि हत्येच्या नियमात कारणाची अट शिरते. मूळचा एकही शब्द खोडलेला नसतो, केवळ एखादे क्रियाविशेषणात्मक पद वाढविलेले असते. परिणामी नियम तोच राहून निषेधाची मात्र अनुज्ञा होते.

या युक्तीला इंग्रजीची वाक्यरचना अनुकूल आहे. त्या भाषेत कर्ता, क्रियापद व कर्म येऊन निषेध पुरा झाल्यावर अशी अट वाक्याच्या शेवटी जोडता येते. भिंतीवर पुढची रिकामी जागा पुरते. मराठीत ‘नये’ हे निषेधाचे पद वाक्याच्या अंती येते, त्यामुळे अट वाक्याच्या मध्येच घालावी लागते. अनुवादकाला ही अडचण टाळता येत नाही. पुढे सातही नियम लोपून जे एकच वाक्य उरते, त्यात समतेला तरतमभाव जोडलेला आहे. समान असणे ही कमीअधिक होणारी गोष्ट नाही. म्हणून तर्कदृष्ट्या ते वाक्य निरर्थक, पण सत्तेच्या दृष्टीने अत्यंत सार्थ ठरते.

हे खपून जाते याचे कारण वाचनशक्तीच्या विषम वाटणीत आहे. डुकरांना उत्तम वाचता येते. म्यूरिएल ही शेळी बऱ्यापैकी वाचते. क्लोव्हर या घोडीला सर्व अक्षरे येतात, शब्द जुळविता येत नाहीत. तिला जुना नियम वेगळा आठवतो, परंतु भिंतीवरील लेखापुढे ती स्वतःच्या स्मरणालाच दोष देते. बेंजामिन या गाढवाला सर्व वाचता येते, पण वाचण्याजोगे काहीच नाही अशी त्याची धारणा आहे. रात्री भिंतीपाशी मोडलेल्या शिडीजवळ रंगाच्या डब्यासह पडलेला स्क्वीलर सर्वांना दिसतो. त्याचा अर्थ एकट्या बेंजामिनला उमगतो आणि तो मौन पाळतो.

या मौनाची किंमत बॉक्सर देतो. कष्टकरी वर्गाचे प्रतीक असलेल्या या घोड्याला पहिल्या चार अक्षरांपलीकडे जाता येत नाही. तो थकून कोसळल्यावर त्याला न्यावयास गाडी येते. गाडीवरील अक्षरे बेंजामिन प्रथमच मोठ्याने वाचतो, तेव्हा ती खाटकाची असल्याचे कळते. पण तोवर दार बंद झालेले असते. गाडी आता पशुवैद्याची असून जुने नाव पुसावयाचे राहिले, असा खुलासा स्क्वीलर करतो आणि जनावरांना हायसे वाटते. जो स्क्वीलर भिंतीवरचा लेख खरा मानावयास लावतो, तोच गाडीवरचा लेख खोटा ठरवितो. कोणता लेख प्रमाण मानावा हे ठरविण्याचा अधिकारच त्याच्या हाती आहे.

यावरून रूपकाचा रोख एका देशापुरता मर्यादित नाही हे स्पष्ट होते. राजकीय भाषेच्या भ्रष्टतेची जी चर्चा ऑरवेलने १९४६ मध्ये एका निबंधात केली, तिची कथारूप मांडणी येथे आधीच झालेली आहे. डुकरांचे असत्य हे जनावरांच्या पराभवाचे एक कारण होय. ज्याला वाचता येत होते त्याने वेळेवर वाचून दाखविले नाही, हे दुसरे. बेंजामिन हे पात्र सुशिक्षित वाचकाला म्हणूनच अधिक अस्वस्थ करते.